ईगलनेस्टच्या ढगांतलं जंगल: पक्षी पाहायला जाणाऱ्यांसाठी परवान्यापासून परतीपर्यंतची आखणी

पहिल्यांदा ईगलनेस्टला गेलो तेव्हा दहा दिवसांत काझीरंगा, ईगलनेस्ट आणि तवांग असं तिन्ही बसवलं होतं. नकाशावर सगळं एकाच बाजूला दिसत होतं. प्रत्यक्षात ईगलनेस्टच्या वाट्याला तीन दिवस आले आणि त्यातले दोन ढगांनी घेतले. ज्या वॉर्ड्स ट्रोगन या पक्ष्यासाठी एवढा खटाटोप केला तो दिसलाच नाही. दुसऱ्या खेपेला अकरा दिवस काढून फक्त या एका रस्त्यासाठी गेलो, आणि तेव्हा कुठे हे जंगल उमगायला लागलं. पुढे लिहिलंय ते सगळं त्या दुसऱ्या सहलीच्या हिशेबाने.

ईगलनेस्ट वन्यजीव अभयारण्य अरुणाचल प्रदेशच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात आहे. १९८९ साली घोषित झालं, क्षेत्रफळ साधारण २१८ चौरस किलोमीटर. नाव गरुडाच्या घरट्यावरून आलं असेल असं वाटतं, पण ते पडलं १९५०च्या दशकात इथे तैनात असलेल्या लष्कराच्या ‘रेड ईगल’ डिव्हिजनवरून. त्या काळात केलेला कच्चा जीपरस्ता आजही अभयारण्याच्या मधून जातो, आणि आपली सगळी सहल त्या एकाच रस्त्यावर होते. ईशान्येला सेसा ऑर्किड अभयारण्य, पूर्वेला कामेंग नदीपलीकडे पक्के व्याघ्र प्रकल्प, त्यामुळे मोठ्या जनावरांना फिरायला सलग जंगल आहे. जागा कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे खरी, पण पायथ्याचं जंगल अस्सल उष्णकटिबंधीय, दमट, वेलींनी भरलेलं आहे. तिथून वर चढत गेलं की शेवाळाने माखलेले ओक लागतात आणि माथ्यावर ऱ्होडोडेंड्रॉन आणि बांबू.

आधी उंचीचं गणित समजून घ्या

अभयारण्याची सर्वांत खालची जागा ५०० मीटरवर आहे, सर्वांत वरची ३,२५० मीटरवर. रस्ता उत्तरेकडून चढून साधारण २,८०० मीटरच्या ईगलनेस्ट खिंडीतून पलीकडे उतरतो आणि आसामच्या दिशेने खाली खाली जात राहतो. आपल्याकडे कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे पायथ्याच्या गावातून नाही, थेट समुद्रापासून मोजलेलं दीड कळसूबाई या एका रस्त्यावर चढायचं-उतरायचं आहे, तेही गाडीतून आणि पक्षी बघत बघत.

हे सांगायचं कारण असं की इथले कितीतरी पक्षी उंचीचा आपापला पट्टा धरून राहतात. खिंडीजवळ जो फुलवेटा नावाचा पक्षी झाडाझाडावर दिसतो तो खालच्या तळावर, म्हणजे मुक्कामाच्या तंबूंपाशी, औषधालाही सापडत नाही. साडेचारशेच्या घरात पक्षीजाती नोंदलेल्या आहेत त्या या उभ्या रचनेमुळे. म्हणून आखणी करताना ‘किती किलोमीटर’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘कुठल्या उंचीवर किती पहाटा’ हा विचारा. माझा हिशेब असा: प्रत्येक मुक्कामाच्या उंचीला निदान दोन पूर्ण पहाटा, आणि सगळ्या सहलीत एक दिवस मोकळा. तो मोकळा दिवस कुठे खर्च होणार हे ढग ठरवतात.

ढगांचंही थोडं समजून घेतलं तर चिडचिड कमी होते. बंगालच्या उपसागरावरून आलेली ओल ब्रह्मपुत्रेच्या सपाटीवरून सरकत येते आणि हिमालयाच्या या पहिल्याच भिंतीवर आदळते. त्यामुळे दक्षिणेचा, आसामकडचा उतार फार ओला आणि खिंडीच्या उत्तरेचा तेंगा खोऱ्याकडचा उतार त्या मानाने कोरडा. रोजचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. पहाटे आकाश मोकळं, दहा-साडेदहाला दरीतून वाफ चढायला लागते, दुपारी पाच फुटांपलीकडचं दिसत नाही. संध्याकाळी कधी उघडतं, कधी नाही. खिंडीच्या एका बाजूला कोंदलेलं असलं तर दुसऱ्या बाजूला जाऊन पाहा. अर्ध्या तासाच्या अंतरावर लख्ख ऊन मिळाल्याचं मी दोनदा अनुभवलंय.

कधी जायचं

पक्ष्यांसाठी मार्चअखेर ते मेचा मध्य. एप्रिलचा दुसरा पंधरवडा मला सर्वांत आवडतो. नर गायला लागलेले असतात, ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असतात आणि जळवा अजून पूर्ण जाग्या झालेल्या नसतात. या दिवसांत अवकाळी पाऊस होतोच, तो धरूनच चाला. मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत रस्ता खचतो, दरडी पडतात, तळही बंद असतात. तेव्हा जाण्याचा विचार नको. नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ असते, लांबची हिमशिखरं दिसतात, थंडीमुळे वरचे पक्षी खाली उतरलेले असतात. पण ते गात नसतात, आणि दाट जंगलात न गाणारा पक्षी शोधणं म्हणजे फार चिकाटीचं काम. फुलपाखरांचीच ओढ असेल तर मेच्या सुरुवातीला खालच्या भागात जास्त दिवस द्या. कैसर-ए-हिंद, म्हणजे अरुणाचलचं राज्य फुलपाखरू, या डोंगरांत आहे.

परवाने

भारतीय नागरिकांना अरुणाचलमध्ये शिरण्यासाठी इनर लाइन परमिट लागतं. १८७३ च्या ब्रिटिशकालीन नियमापासून ही पद्धत चालत आलेली आहे. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. फोटो आणि ओळखपत्र जोडावं लागतं. अर्जात जाण्याच्या ठिकाणी पश्चिम कामेंग जिल्हा लिहायला विसरू नका, आणि तारखा एक-दोन दिवस पुढे-मागे धरून टाका, कारण दरड पडून एक दिवस अडकलात तर परमिट संपलेलं नको. प्रत्येकाच्या तीन छापील प्रती जवळ ठेवा. भालुकपोंगच्या नाक्यावर फोनमधला फोटो दाखवण्यापेक्षा कागद पुढे केला की काम झटपट होतं.

परदेशी पासपोर्टवाल्यांचं वेगळं असतं. अमेरिकेत-इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले नातेवाईक सोबत येणार असतील आणि त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी त्यांना प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं. ते एकट्याच्या भरवशावर टाकू नका. स्थानिक सहल-चालकामार्फत आणि निदान महिना-दोन महिने आधी करून घ्या. माझ्या ओळखीच्या एका गटातल्या मावशी फक्त या कारणाने तेजपूरला मागे राहिल्या.

तिसरा परवाना अभयारण्याचा. ईगलनेस्ट शेरगाव वनविभागाखाली येतं आणि कार्यालय रूपा गावात आहे. तळ चालवणारे लोकच बहुधा हा परवाना काढून ठेवतात, मात्र ‘काढला का?’ असं निघायच्या आठवडाभर आधी फोन करून विचारा. कॅमेऱ्याचं आणि गाडीचं शुल्क वेगळं असतं का, तेही तेव्हाच विचारून घ्या.

राहायचं कुठे, ठरवायचं कोणाशी

हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही. दोन तळ आहेत: खिंडीच्या अलीकडे साधारण २,३५० मीटरवर लामा कॅम्प आणि पलीकडे साधारण १,९५० मीटरवर बोम्पू कॅम्प. तंबू, आत कॉट, जाड रजया. सामाईक स्वयंपाकघर आणि जेवायला एक खोपटं, जिथे संध्याकाळी सगळे चुलीपाशी जमतात. अंघोळीला चुलीवर तापवलेलं बादलीभर पाणी सांगितलं की मिळतं. वीज संध्याकाळी थोडा वेळ. मोबाइलला रेंज नाही असंच धरून चाला आणि घरी तसं सांगून निघा. जेवण साधं आणि गरम: भात, डाळ, बटाट्याची भाजी, अंडी, सकाळी पुरी किंवा पोळी. लसणाची चटणी आणि मेतकूट घेऊन गेलात तर चौथ्या दिवशी सगळा गट दुवा देईल.

पैसे ठरवताना दर माणशी रोजचा आकडा ऐकून थांबू नका. त्यात जेवण, तंबू, वाटाड्या, अभयारण्य शुल्क काय काय धरलंय ते एकेक करून विचारा. गाडीचा खर्च सहसा वेगळा असतो आणि तोच सर्वांत मोठा असतो. म्हणून चार जणांचा गट सर्वांत सोयीचा. एका सुमो-बोलेरोत चौघे, प्रत्येकाला खिडकी, आणि खर्चही विभागला जातो. सहा जण एका गाडीत कोंबू नका. पक्षी डावीकडे आहे म्हटल्यावर उजवीकडच्या तिघांना फक्त एकमेकांची डोकी दिसतात.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण ती माहीत असल्याशिवाय या जंगलात जाणं मला अपुरं वाटतं.

१९९५ साली रमण अत्रेय यांना इथे एक अनोळखी पक्ष्याची जोडी दिसली. अत्रेय व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ, आणि त्यांची कर्मभूमी पुणे. कुठल्याच पुस्तकात न बसणारा तो पक्षी त्यांना पुन्हा दिसायला २००५ उजाडलं. २००६च्या मे महिन्यात जाळीत दोन पक्षी आले. नव्या जातीचं वर्णन करताना एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवायची जुनी रीत आहे. त्यांनी तसं केलं नाही. इतके थोडे पक्षी असताना त्यातला एक मारणं परवडणारं नव्हतं. गळालेली पिसं, मापं, फोटो, आवाज यांवर वर्णन लिहिलं आणि पक्षी सोडून दिले. नाव दिलं ते इथल्या बुगुन लोकांचं: बुगुन लिओसिक्ला.

पुढे सिंगचुंग गावच्या बुगुन लोकांनी आपल्या मालकीच्या जंगलातलं १७ चौरस किलोमीटर २०१७ मध्ये सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून घोषित करून घेतलं. गावातली तरुण मुलं तिथे गस्त घालतात. या कामाला २०१८चा भारत जैवविविधता पुरस्कारही मिळाला. लिओसिक्ला ज्या उतारावर राहतो तो अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा, या लोकांच्या जमिनीवरचा आहे. ती जमीन त्यांनी लाकूडतोडीला दिली असती तर कायद्याने फारसं कोणी अडवलं नसतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की शहरातल्या एजंटकडून थोडं स्वस्त मिळतंय म्हणून तिकडे वळू नका. सहल अशांकडून ठरवा ज्यांचा पैसा सिंगचुंग-रूपा भागात पोचतो, वाटाड्या गावातलाच घ्या, आणि त्याची बक्षिशी हातात द्या.

जायचं कसं

गुवाहाटीला मुंबईहून थेट विमान मिळतं. पुण्याहून कधी थेट, कधी कोलकात्यात बदलून. रेल्वेने दोन दिवसांहून जास्त जातात, वेळ असेल तर जाताना नको, येताना करा. गुवाहाटीला सकाळी उतरणारं विमान निवडा, म्हणजे त्याच दिवशी चार-पाच तासांत तेजपूरच्या पुढे नामेरीला पोचता येतं. थेट लामा कॅम्प गाठण्याचा अट्टहास काही गट करतात. रात्री घाटात धुक्यातून गाडी चालवावी लागते आणि दुसऱ्या दिवशीची पहाट झोपेत जाते. नामेरीला राहा. जिया भोरोली, म्हणजे आपली कामेंगच, तिथे सपाटीला येते. काठावरच्या जंगलात सकाळचे दोन-तीन तास मिळाले तर धनेश दिसण्याची चांगली शक्यता असते.

पुढचा रस्ता भालुकपोंगच्या नाक्यावरून टिपी, सेसा, नेचिफू, मग तेंगा. नेचिफूच्या धुक्यात गाड्या तासन्तास रांगत जायच्या. २०२३ पासून तिथे पाचशे मीटरचा बोगदा झालाय, त्यामुळे तो भाग सुटसुटीत झाला. तेंगा हे लष्करी छावणीचं गाव, शेवटची मोठी बाजारपेठ. एटीएममध्ये पैसे असतीलच असं नाही, म्हणून रोख रक्कम तेजपूरहूनच बरोबर घ्या. तेंग्यात फळं, टॉर्चचे सेल, औषधं, रबरी गमबूट घेता येतात. गाडीची टाकी इथे भरलेलीच हवी. तेंग्यावरून सिंगचुंगच्या बाजूने कच्चा रस्ता चढायला लागतो, आणि संध्याकाळपर्यंत लामा कॅम्प.

गाडी चारही चाकांना ताकद देणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) असेल तर उत्तम, निदान उंच बसणीची तरी हवीच. गाडीपेक्षा चालक महत्त्वाचा. या रस्त्यावर आधी आलेला, पक्षी दिसताच इंजिन बंद करणारा आणि हॉर्न न वाजवणारा. ठरवताना हे तिन्ही स्पष्ट विचारा.

अकरा दिवस असे बसतात

पहिला दिवस गुवाहाटी ते नामेरी. दुसऱ्या दिवशी सकाळ नामेरीत आणि संध्याकाळपर्यंत लामा कॅम्प. तिसरा-चौथा दिवस लामा कॅम्पच्या परिसरात. पाचव्या दिवशी पहाटेच खिंड गाठायची, दिवसभर तिथेच रेंगाळत संध्याकाळी बोम्पूला उतरायचं. सहावा आणि सातवा दिवस बोम्पूच्या वर-खाली. आठव्या दिवशी बोम्पूच्या खालचं सेसनी आणि जमलं तर त्याच्याही खाली खेल्लाँगच्या दिशेने. नववा मोकळा, ढगांनी खाल्लेल्या पहाटेची भरपाई करायला. तो खालीच वापरायचा की वर, हे आठव्या रात्री चुलीपाशी वाटाड्याला विचारून ठरवा. नववी रात्र लामा कॅम्पला काढा. दहाव्या दिवशी पहाट तिथे घालवून तेजपूरपर्यंत उतरायचं, अकराव्या दिवशी विमान. खेल्लाँगवरून खाली आसामात निघून जाण्याचा विचार करू नका, आल्या वाटेनेच परतायचं.

सेसनी १,२५० मीटरच्या आसपास आहे. अनेक गट त्याला ‘वेळ उरला तर’ अशा यादीत टाकतात. माझ्या मते तेच सर्वांत श्रीमंत जंगल आहे, त्याला एक पूर्ण पहाट मिळालीच पाहिजे. त्यासाठी बोम्पूहून काळोखातच निघावं लागतं.

घड्याळ

एप्रिलअखेर इथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. आसामच्या चहाच्या मळ्यांत अजूनही घड्याळ तासभर पुढे लावून ‘बागान टाइम’ पाळतात, त्याचं कारण इथे आलं की अंगात भिनतं. साडेतीनला उठणं, चार-सव्वाचारला चहा घेऊन गाडीपाशी. संध्याकाळी सहाला अंधार, साडेसातला जेवण, साडेआठला झोप. घरून निघायच्या आधी चार-पाच दिवस लवकर झोपायची सवय लावा.

सामान, आणि त्याची आंबोलीतली रंगीत तालीम

सामान चांगलं आहे का, हे तिथे जाऊन कळण्यात अर्थ नाही. माझा सल्ला असा, की आदल्या पावसाळ्यात दोन दिवस आंबोलीला जा. धुकं, सततची भुरभुर, जळवा, शेवाळलेल्या फांद्या, अंधारी झाडी हे सगळं तिथे मिळतं. कुठला रेनकोट आतून घामेजतो, कुठल्या बुटात पाणी शिरतं, दुर्बिणीच्या काचेवर किती वेळात वाफ धरते, हे सगळं तिथे कळतं. माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीची शिवण आंबोलीतच उसवली, म्हणून अरुणाचलात लेन्स वाचली.

दुर्बीण ८×४२ घ्या. दहा पटीची दुर्बीण आकर्षक वाटते, पण धुक्यात आणि झाडाच्या सावलीत आठ पटीची जास्त उजळ दिसते आणि मिश्र थव्यातला पक्षी तिच्यात लवकर सापडतो. कॅमेरा हाताने उचलता येईल एवढाच. तिपाई उघडेपर्यंत पक्षी निघून गेलेला असतो. रात्री कॅमेरा आणि दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. गारठ्यातून चुलीपाशी एकदम आणू नका, काचा आतून धूसर होतात. दोन पॉवर बँक, जादा बॅटऱ्या, डोक्याला लावायचा टॉर्च. पक्षी ओळखण्याचं अॅप वापरत असाल तर ईशान्य भारताचा भाग गुवाहाटीतच उतरवून घ्या.

कपडे एकावर एक घालायचे: आत घाम शोषणारा, मध्ये लोकरी किंवा फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. पहाटे खिंडीत बोटं आखडतात आणि त्याच दिवशी सेसनीला बनियनवर बसावंसं वाटतं. मातकट किंवा हिरवट रंग. जाकीट हात हलवल्यावर खसखसणारं नको, कारण इथे अर्धं काम कानांचं आहे. सुती मोजे वाळत नाहीत, लोकरीचे चार जोड घ्या. छोटी छत्री मात्र जरूर. पावसात दुर्बीण वापरायला रेनकोटापेक्षा छत्री बरी पडते.

जळवा, डिमडाम आणि बाकीची काळजी

जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे लीच-सॉक्स. मीठ किंवा तंबाखूची पूड जवळ असू द्या. चिकटलेली जळू ओढू नका, नखाने बाजूला सरकवा. जळवांपेक्षा जास्त त्रास देते ती डिमडाम, ही खालच्या भागातली बारीक चावरी माशी. चावताना कळत नाही, मागाहून लाल ठिपका उठतो आणि आठवडाभर खाज सुटते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, कीटकांना दूर ठेवणारं मलम आणि खाजेची गोळी सोबत हवीच. पायथ्याच्या सपाटीवर मलेरिया आहे, त्याबद्दल निघायच्या आधी डॉक्टरांशी बोला. उंचीचा त्रास २,८०० मीटरवर सहसा गंभीर होत नाही. पण इथून पुढे कोणी सेला खिंडीत जाणार असेल तर तिथे चार हजार मीटरच्या वर जायचंय, हे ध्यानात ठेवा. घाटाने मळमळणाऱ्यांनी भालुकपोंगच्या आधी गोळी घ्यावी. जिल्हा रुग्णालय बोमदिलाला आणि मोठं रुग्णालय तेजपूरला. म्हणजे गंभीर दुखणं उद्भवलं तर कित्येक तासांचा प्रवास आहे. रोजची औषधं दुप्पट घ्या आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

आणि हत्ती. या डोंगरात हत्ती तीन हजार मीटरच्या आसपासपर्यंत चढतात. बोम्पू ते खेल्लाँगच्या रस्त्यावर ताजी लीद रोज दिसेल. वळणापलीकडे धुक्यात काय आहे ते दिसत नाही. वाटाड्याशिवाय तळापासून पन्नास पावलंसुद्धा पुढे जाऊ नका, पहाटे किंवा तिन्हीसांजेला तर नाहीच. एका सकाळी आमचा वाटाडा चालता चालता हात मागे करून थांबला. आम्हाला काहीच दिसलं नव्हतं. त्याने फक्त वास घेतला होता. खालच्या बांबूत कांडकं मोडल्याचा एक आवाज आला आणि आम्ही आल्या पावली गाडीत जाऊन बसलो. तो दिवसभराचा रस्ता सोडावा लागला, पण कोणी ब्र काढला नाही.

जंगलात उभं कसं राहायचं

इथे रस्त्यावरूनच पाहायचं असतं. उतार इतके तीव्र आहेत की आत शिरायला जागाच नाही. गाडी पुढे पाठवून द्यायची, आपण उताराने हळूहळू चालायचं, आणि बराच वेळ काहीच होत नाही. नवख्यांना वाटतं जंगल रिकामं आहे.

मग थवा येतो. आधी वरून बारीक चिवचिव, मग दोन-तीन पानं हलतात, आणि धुक्यातून एकेक आकार सुटायला लागतात. खोडावरून खाली डोकं करून उतरणारा नटहॅच, शेवाळात चोच खुपसणारा सिबिया, फांदीच्या टोकाला उलटा लोंबकळणारा पिवळ्या गालाचा टिट, मागे माशा टिपत येणारे नाचण. वीस-वीस जातींचे पक्षी एकत्र चरत जातात. पाच मिनिटांत सगळे दरीत उतरलेले असतात. या वेळी कॅमेरा खाली ठेवा. आधी कुठले पक्षी आहेत ते दुर्बिणीने बघा, थव्याच्या पुढे चालत राहा, वळणावर रस्ता ओलांडताना तो मोकळ्यात येतो आणि फोटो तिथे मिळतो.

खिंडीजवळ पहाटे रस्त्याच्या कडेला टेमिंक्स ट्रॅगोपान येतो. त्यासाठी गाडीतून उतरू नका, गाडीलाच तो कमी बुजतो. बोम्पूच्या वरच्या वळणांवर वॉर्ड्स ट्रोगन. आपल्या आंबोली-दांडेलीच्या मलबार ट्रोगनचा हा हिमालयातला भाऊबंद, तसाच तासभर एका फांदीवर न हलता बसणारा. पक्षी शोधण्यापेक्षा मधल्या उंचीच्या आडव्या फांद्या एकेक करून तपासत जा. बोम्पू ते सेसनी पट्ट्यात ब्यूटिफुल नटहॅच आणि रूफस-नेक्ड हॉर्नबिल. धनेशाच्या पंखांचा आवाज आधी येतो, वाफेच्या इंजिनासारखा. सेसनीच्या खाली सुलतान टिट, लाँग-टेल्ड ब्रॉडबिल, आणि झाडांच्या शेंड्यांत कॅप्ड लंगूर. वरच्या भागात माकडं दिसली तर नीट बघा. २००५ साली विज्ञानाला नव्याने ओळख झालेलं अरुणाचल मकाक याच जिल्ह्यात आणि तवांगमध्ये आढळतं. लाल पांडा, ढगाळ बिबट्या इथे आहेत, पण त्यांच्या आशेवर सहल आखू नका.

रात्री लवकर झोपायचं असलं तरी तळावर पतंगांसाठी पांढरा पडदा आणि दिवा लावलेला असेल तर अर्धा तास तिथे जरूर उभे राहा. पुण्याच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी इथल्या हॉकमॉथवर असे पडदे लावूनच मोठं काम केलंय. आणि पहाटे परत त्याच पडद्यापाशी या. उरलेले पतंग खायला पक्षी हातभर अंतरावर येतात. दिवसभर शेंड्यांत मान मोडून पाहिलेला पक्षी तिथे डोळ्यांच्या पातळीवर मिळतो.

बुगुन लिओसिक्लाबद्दल

तो लामा कॅम्पच्या आसपास दिसतो. साळुंकीएवढा, राखी-हिरवट, डोक्यावर काळी टोपी, डोळ्याजवळ पिवळा ठिपका, पंखांवर लाल-पिवळ्या खुणा. आवाज बासरीसारखा, उतरत जाणारा. माहीत असलेल्या जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि ही जात अतिसंकटग्रस्त गणली जाते.

इथे माझी एक विनंती आहे, आणि ती मी अजिबात सैल करणार नाही. त्याला बोलवायला मोबाइलवरून कॉल, म्हणजे त्याचाच ध्वनिमुद्रित आवाज, लावू नका, वाटाड्याला लावायला सांगू नका, आणि गटातल्या कोणी लावला तर थांबवा. विणीच्या हंगामात नर आवाज ऐकून भांडायला येतो, घरटं उघडं पडतं. एका जोडीची एक वीण वाया गेली तर एवढ्या छोट्या संख्येत ते भरून निघत नाही. दोन पहाटा रस्त्याकडेच्या झुडपांपाशी शांत उभे राहा, वाटाडा सांगेल त्या ठिकाणी, तो सांगेल तेवढाच वेळ. आम्हाला दुसऱ्या पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी दोन पक्षी दिसले, जेमतेम चाळीस सेकंद. गटातल्या एका काकांना दिसलेच नाहीत आणि त्यांनी तिसऱ्या पहाटे उभं राहायची तयारी दाखवली, कॉल लावायचा विषयसुद्धा काढला नाही. फोटो मिळाला तर टाकताना नेमकी जागा लिहू नका. कुठल्याही घरट्याचा फोटो घेऊच नका.

इथे पक्ष्यांना कडी घालून वर्षानुवर्षं नोंदी ठेवणारे संशोधकही काम करतात. पक्षी हळूहळू वर सरकत असल्याचं या नोंदींतून दिसलंय. पायात कडं असलेला पक्षी दिसला तर ठिकाण, वेळ आणि कड्याचा रंग वहीत लिहा आणि तळावर सांगा. आपल्या रोजच्या याद्यांतही उंची लिहायची सवय ठेवा, नुसतं ‘ईगलनेस्ट’ लिहून ती नोंद कोणाच्या फारशी उपयोगाची नसते.

परतताना

प्लास्टिक, सेल, ओले पुसके हे सगळं एका पिशवीत भरून तेजपूरपर्यंत खाली आणा. डोंगरावर त्याची विल्हेवाट लावणारं कोणी नाही. दहाव्या दिवशी सामान आदल्या रात्रीच बांधून ठेवा, पहाट मोकळी राहू द्या, पण सातच्या आत गाडी सुटलीच पाहिजे, कारण घाटात कुठे दरड साफ करायचं काम चालू असेल तर दोन-तीन तास तिथेच जातात. वाटेत टिपीला ऑर्किड संशोधन केंद्र आहे. वर झाडांवर नुसती पानं पाहिलेल्या ऑर्किडची फुलं तिथे जवळून बघायला मिळतात, पाय मोकळे करायलाही जागा बरी आहे. आणि गुवाहाटीत पोचलात की विमानाच्या आधी कॅमेऱ्याची पिशवी उघडून सगळं तासभर उन्हात किंवा पंख्याखाली ठेवा. लेन्समध्ये बुरशी धरते ती डोंगरात नाही, घरी आल्यावर बंद कपाटात.